इंग्लंडच्या वर्गात वेलुता

आपल्याकडे अकरावी-बारावी असते तशी इंग्लंडात ‘सिक्स्थ फॉर्म’ असते. सोळा ते अठरा वयाची मुले-मुली त्यात शिकतात. पूर्वी तिथल्या माध्यमिक शाळेत पहिला फॉर्म, दुसरा फॉर्म अशा इयत्ता असत. पुढे बाकीच्या वर्गांची नावे बदलली, पण शेवटच्या दोन वर्षांचे हे नाव टिकले. आपल्या मुलांसारखे सहा-सात विषयांचे ओझे तिथे नसते. विद्यार्थी साधारण तीन विषय निवडतो, दोन वर्षे त्यातच बुडून राहतो आणि शेवटी १९५१ पासून चालत आलेली ‘ए लेव्हल’ परीक्षा देतो. इंग्रजी घ्यायचे तर निव्वळ भाषा, निव्वळ साहित्य, किंवा दोन्ही मिळून असे तीन रस्ते आहेत.

हे आपल्या पानावर कशाला, असे आपण विचाराल. तर त्या वर्गात आपल्यापैकीच एक माणूस जाऊन बसला आहे. नाव वेलुता. जात परवन, धंदा सुतारकाम, राहणार आयमेनम, जिल्हा कोट्टायम, राज्य केरळ. अरुंधती रॉय यांच्या ‘द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज’ या १९९७ च्या कादंबरीतला हा तरुण. कादंबरीला त्याच वर्षी बुकर पारितोषिक मिळाले. तिथल्या ए.क्यू.ए. या परीक्षा मंडळाने २०१५ पासून लागू केलेल्या अभ्यासक्रमात, १९४५ नंतरच्या साहित्याच्या पेपरासाठी नेमलेल्या पुस्तकांच्या यादीत ती आली.

कथा थोडक्यात अशी. १९६९ साल. सिरियन ख्रिश्चन घराण्यातली अम्मू नवऱ्यापासून सुटून जुळ्या मुलांसह माहेरी परतलेली. घरच्या लोणच्याच्या कारखान्यात यंत्रे दुरुस्त करणारा वेलुता, हाताचा कसबी, स्वभावाचा शांत. दोघांचे प्रेम जमते. बातमी फोडतो वेलुताचा स्वतःचा बाप, कारण पिढ्यान्‌पिढ्यांची भीती त्याच्या हाडात मुरलेली आहे. पुढे पोलीस वेलुताला इतके मारतात की तो कोठडीत प्राण सोडतो. त्याच्याकडे पक्षाचे कार्ड आहे, पण स्थानिक कम्युनिस्ट पुढारीही हात वर करतो.

आता हे पुस्तक मँचेस्टरच्या किंवा लीड्सच्या सतरा वर्षांच्या मुलीला शिकवायचे कसे? तिथल्या परीक्षेत जवळजवळ एक चतुर्थांश गुण हे कलाकृतीचा काळ, समाज, संस्कृती यांची जाण दाखवण्यासाठी असतात. तत्त्व उत्तम आहे. पण जिथे गुण तिथे गाइड, हा न्याय इंग्लंडातही चुकलेला नाही. मुले एक परिच्छेद पाठ करतात. भारतात जातिव्यवस्था होती, तिचे चार वर्ण होते, त्याखाली अस्पृश्य होते, १९५० च्या राज्यघटनेने अस्पृश्यता बंद केली. पूर्णविराम. मग उरलेले उत्तर प्रतिमा, प्रतीके आणि निवेदनशैलीवर.

आम्हा कारकुनांना हा प्रकार चांगला ओळखीचा आहे. फाइलवर टिपणी लिहिताना वर ‘पार्श्वभूमी’ म्हणून चार ओळी खरडायच्या, त्याखाली प्रस्ताव, त्याखाली ‘मान्यतेस्तव सादर’. साहेब सही करतात ते प्रस्ताव वाचून. पार्श्वभूमी कोणी वाचत नाही. वेलुताची जात अशा पार्श्वभूमीच्या चार ओळींत जाऊन बसली तर तो मेला कशाने, हे वर्गाला कधीच कळणार नाही. ती मुले म्हणतील, प्रेमामुळे मेला.

गंमत अशी की संस्कृती म्हणजे पाठीमागचा पडदा नव्हे, हे सांगणारी थोर माणसे इंग्लंडातच होऊन गेली, आणि ती वर्गात शिकवणारी माणसे होती. १९३३ साली एफ. आर. लीव्हिस आणि डेनिस थॉम्पसन यांनी ‘कल्चर अँड एन्व्हायरन्मेंट’ हे पुस्तक शाळांच्या वरच्या वर्गांसाठी काढले. जाहिरात कशी फसवते, वर्तमानपत्राची भाषा मन कसे वळवते, याचे धडे त्यात होते. साहित्य आणि संपर्कमाध्यमे एकत्र शिकवण्याची ती मोठी सुरुवात. पण त्या पुस्तकाला एक दुःख होते. इंग्लंडचे जुने एकजीव खेडे हरपले, हे ते दुःख. गाडीची चाके बनवणारा गावचा सुतार, त्याची पिढीजात कारागिरी, कामातला आनंद, हे सारे यंत्रयुगाने नेले असे ते म्हणत. वाचताना माझ्या मनात आपला गावगाडा उभा राहिला. त्या गाड्याची चाके कोणाच्या अंगावरून गेली हे आपल्या आजी-आजोबांना विचारा.

पुढे आलेल्या पिढीने ही चूक दुरुस्त केली. रिचर्ड हॉगार्ट हा लीड्सच्या कामगार वस्तीत आजीने वाढवलेला पोरका मुलगा. रेमंड विल्यम्स वेल्सच्या सीमेवरच्या रेल्वे सिग्नलवाल्याचा मुलगा. दोघेही विद्यापीठात नाव काढण्याआधी प्रौढांच्या वर्गांवर शिकवत होते. दिवसभर राबून आलेली माणसे समोर बसलेली. आपल्याकडच्या रात्रशाळा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना तो वर्ग डोळ्यांपुढे आणायला वेळ लागणार नाही. हॉगार्टचे ‘द यूजेस ऑफ लिटरसी’ १९५७ चे, विल्यम्सचा ‘कल्चर इज ऑर्डिनरी’ हा निबंध १९५८ चा. संस्कृती ही मूठभरांच्या दिवाणखान्यातली वस्तू नसून माणसांची सगळी जगण्याची रीत आहे, असे विल्यम्सने मांडले. त्यांच्या मागोमाग स्टुअर्ट हॉल आला. १९३२ साली जमैकात जन्मलेला हा काळा मुलगा शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेला आणि नंतर दक्षिण लंडनच्या एका साध्या शाळेत मास्तर झाला. गरीब पोरांना सिनेमा आणि गाण्यांतून विचार करायला कसे शिकवावे, यावर त्याने पॅडी व्हॅनेलबरोबर १९६४ साली ‘द पॉप्युलर आर्ट्‌स’ लिहिले. त्याच वर्षी हॉगार्टने बर्मिंगहॅम विद्यापीठात संस्कृती-अभ्यासाचे केंद्र काढले. हॉल तिथे गेला आणि पुढे त्याचा प्रमुख झाला. बोलणे कोणाचे, ऐकणारा कोण, आणि एकाच वाक्याचा अर्थ दोघांना वेगळा का लागतो, हा त्याच्या आयुष्यभराचा प्रश्न.

या मंडळींची दृष्टी घेऊन आयमेनमच्या गोष्टीकडे परत जाऊ. सुतार म्हटला की लीव्हिसला सुख आठवते. इथला सुतार बघा. कारखाना त्याच्या हातावर चालतो, तरी मालकीण त्याला सवर्ण सुतारापेक्षा कमी पगार देते. वर तिला वाटते की परवनाला मिळतो त्याहून जास्तच देते आहे. एवढा एक हिशेब फळ्यावर मांडला तर मला वाटते चार वर्णांच्या त्या पाठ परिच्छेदापेक्षा जास्त कळेल. (मी वाणिज्य शाखेचा, म्हणून मला हिशेब आधी दिसतो हे खरे.) त्या मालकिणीला बालपण आठवते. तेव्हा परवनांना झाडू घेऊन उलट्या पावली सरपटत जावे लागे, आपल्या पावलांच्या खुणा आपणच पुसत. पेशवाईतल्या पुण्यात पूर्वजांच्या कमरेला झाडू बांधला जाई, हे आपल्या घरातल्या शाळकरी मुलालाही माहीत आहे. कुठे कोट्टायम, कुठे पुणे! मराठी वाचकाला त्या पानावर तळटीप लागत नाही.

ख्रिस्ती झाल्यावरही सुटका नव्हती. धर्मांतरित अस्पृश्यांसाठी वेगळे चर्च, वेगळा पाद्री. स्वातंत्र्यानंतर सवलती मागायला गेले तर कागदावर ते ख्रिस्ती, म्हणजे जात नसलेले. कादंबरीत हे अगदी थोड्या ओळींत आले आहे. शिक्षकाने तिथे तासभर थांबावे, कारण घरात जात आहे आणि दाखल्यावर नाही, हा पेच इंग्लंडच्या मुलांना कोणत्याही गाइडात मिळणार नाही.

भाषेचे पाहा. जुळी भावंडे मलयाळम बोलताना सापडली की त्यांची आत्येआजी त्यांच्या खाऊच्या पैशांतून दंड कापते आणि यापुढे इंग्रजीच बोलू असे शंभरदा लिहायला लावते. ती पोरे मग त्या इंग्रजीचाच खेळ करतात, शब्द उलटे वाचतात, जोडशब्द तोडतात. शिक्षक याला शैली म्हणून शिकवतात आणि ते बरोबरच आहे. पण भाषेचा दंड भरणारे मूल त्या वर्गातही असू शकते. घरी पंजाबी, सिल्हेटी किंवा गुजराती, शाळेत इंग्रजी. शैलीचा धडा त्याच्यासाठी रोजच्या जगण्याचा धडा होतो. कथकलीचेही तसेच. रात्रभर चालणारे नाट्य हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाकाठी पाहुण्यांसाठी कापून आखूड केले जाते, आणि नंतर ते नर्तक देवळात जाऊन देवाची माफी मागतात. संस्कृती विकते तेव्हा काय होते, हे यापेक्षा सोप्या शब्दांत कोण सांगेल?

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. वुल्व्हरहॅम्प्टन, बेडफर्ड, साउथॉल या गावांत पंजाबातून कामासाठी गेलेल्या रविदासी, वाल्मीकी आणि आंबेडकरी कुटुंबांची वस्ती आहे. त्यांच्या मुला-नातवंडांच्या पिढ्या तिथल्याच शाळांतून शिकल्या. त्याच शाळांत जाट, खत्री, पटेल, ब्राह्मण घरांतली मुलेही असतात. ब्रिटिश सरकारने करवून घेतलेला एक अभ्यास डिसेंबर २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नोकरीच्या जागी आणि शाळेतही जातीवरून छळ होत असल्याचा पुरावा आढळला होता. म्हणजे गोऱ्या शिक्षकाला ऐकूही न येणारी शिवी मागच्या बाकावर दिली जात असते. कायद्याचे काय झाले? २०१० च्या समता कायद्यात जातीला जागा करून ठेवली होती. २०१३ मध्ये संसदेने सरकारवर तसे कलम आणण्याचे बंधन घातले, आणि २०१८ मध्ये सरकारने ते आणणार नाही, न्यायालयीन निवाडे पुरेसे आहेत, असे जाहीर केले.

अशा वर्गात शिक्षक चांगल्या मनाने एखाद्या सावळ्या मुलीकडे वळून म्हणतो, “तुझ्या देशातली गोष्ट आहे, तू सांग ना आम्हाला जात म्हणजे काय.” ती मुलगी वरच्या जातीची असेल तर सहज सांगून टाकेल की आता तसले काही राहिले नाही. ती आपल्या घरची असेल तर तिला दोनच वाटा: गप्प बसायचे किंवा सगळ्या वर्गासमोर जात सांगायची. शिक्षकाला वाटते आपण संवाद साधला. त्या तासानंतर मधल्या सुट्टीत काय घडते ते त्याला कळत नाही. जो प्रश्न गोऱ्या मुलाला विचारत नाही तो तिलाही विचारू नये. इंग्लंडमधला वर्गभेद उच्चारावरून कसा ओळखू येतो, कोणत्या मुलाला कोणत्या दारातून आत घेतात, हे गोऱ्या मुलांनी आधी आपल्या घरचे लिहून आणावे. मग वेलुताची गोष्ट उघडावी. त्या मुलीला बोलायचे असेल तर ती आपणहून बोलेल, आणि नसेल तर तिचे गप्प राहणे तिच्या हाती राहील.

वेलुताविषयी माझी स्वतःची एक तक्रार आहे. तो देखणा आहे, सज्जन आहे, पण त्याच्या मनात काय चालते ते फारसे ऐकू येत नाही. त्याला आपण अम्मूच्या आणि मुलांच्या डोळ्यांनी पाहतो. आपल्याकडे सहानुभूती आणि स्वानुभव हा वाद दलित साहित्याच्या जन्मापासून चालू आहे. २०१४ साली रॉय यांनी बाबासाहेबांच्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ला दीर्घ प्रस्तावना लिहिली, तेव्हाही चळवळीतल्या अनेकांनी विचारले, या ग्रंथाला बाहेरच्या माणसाची प्रस्तावना हवी कशाला, आणि तीत गांधीजींना एवढी जागा का. मला त्या प्रस्तावनेतला राग प्रामाणिक वाटला, तरी प्रश्न रास्तच होता. एकाच कलाकृतीचे वेगवेगळे अन्वयार्थ मांडण्यासाठीही तिथल्या परीक्षेत गुण आहेत. मग समीक्षकांच्या यादीत हा वाद का नसावा?

याच अभ्यासक्रमात अडीच हजार शब्दांचा एक निबंध विद्यार्थ्याने स्वतः पुस्तके निवडून लिहायचा असतो. दोन कलाकृतींची तुलना, त्यांतली किमान एक १९०० पूर्वीची. मुल्कराज आनंद यांची ‘अनटचेबल’ १९३५ ची. भंगीकाम करणाऱ्या बाखाच्या एका दिवसाची ती गोष्ट मूळ इंग्रजीतच लिहिलेली. तिच्या जोडीला हॅरिएट बीचर स्टोची १८५२ ची ‘अंकल टॉम्स केबिन’ ठेवता येईल. दोन्ही बाहेरून, कळवळ्याने लिहिलेल्या. वर्गात मात्र त्यांच्या शेजारी आतून लिहिलेली दोन पुस्तके असू द्यावीत. एक फ्रेडरिक डग्लसचे १८४५ चे आत्मकथन. हा गुलाम पोरगा बाल्टिमोरच्या रस्त्यावर भुकेल्या गोऱ्या मुलांना पाव देऊन त्यांच्याकडून वाचन शिकला. दुसरे सुजाता गिडला यांचे २०१७ चे ‘अँट्स अमंग एलिफंट्स’, आंध्रातल्या दलित ख्रिस्ती घराण्याची कहाणी. ते प्रसिद्ध झाले तेव्हा बाई न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कंडक्टर होत्या. वेलुताच्या जातभाईंना जे वेगळे चर्च मिळाले, तशा ख्रिस्ती घरात वाढलेली बाई स्वतःच्या तोंडाने काय सांगते ते वर्गाने ऐकावे, आणि मग रॉय यांच्या कादंबरीतले कोठडीचे प्रकरण पुन्हा एकदा उघडावे.