रिकाम्या वेळेचे मोल

जेवणाची वेळ झाली, की उपाहारगृहांच्या दारांशी दुचाक्या लावून मोबाइलकडे टक लावून बसलेले तरुण दिसू लागतात. पुण्या-मुंबईत हे दृश्य आता नवे राहिलेले नाही. त्यांना पैसे मिळतात ते पोहोचवलेल्या पार्सलाचे. पुढची ऑर्डर येईपर्यंत उन्हात काढलेल्या तासाचे नव्हेत.

या प्रतीक्षेचे गणित कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील प्रा. टेरी टेलर यांनी २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात मांडले आहे. ग्राहकाला ताटकळणे नको असेल आणि कामगारालाही रिकामे बसणे परवडत नसेल, तर कंपनीने दर उतरवून ग्राहक जोडावेत आणि मोबदला वाढवून माणसे, असे व्यवहारज्ञान सांगते. सारे काही निश्चित असेल, तर गणितही तेच सांगते. परंतु कामगाराला अन्यत्र किती मिळू शकेल, याविषयी अनिश्चितता मोठी असली, की काही परिस्थितीत उत्तर उलटते. मोबदला कमी ठेवणेच कंपनीच्या फायद्याचे ठरते. ज्याला दुसरा पर्याय आहे त्याची मनधरणी करण्यापेक्षा, ज्याला तो नाही त्याच्यावर काम भागवणे स्वस्त पडते. यात कोणाची दुष्टबुद्धी शोधण्याचे कारण नाही, आणि म्हणूनच हे अधिक चिंताजनक आहे. मालकाच्या सदसद्विवेकाला आवाहन करता येते. सूत्राला कोणाची लाज वाटणार?

‘हवे तेव्हा काम करा’ हे स्वातंत्र्य फावल्या वेळात चार पैसे मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला उपयोगी पडते, हे नाकारता येणार नाही. ज्याची चूल याच कमाईवर पेटते, त्याला मात्र ते नावापुरतेच असते.

नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात असे ७७ लाख ‘गिग’ कामगार होते. २०२९-३० पर्यंत ते २.३५ कोटी होतील, असा अंदाज आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्यांची दखल घेतली, हे स्वागतार्हच. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या कल्याणासाठी द्यायची आहे. मात्र कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या ५ टक्क्यांहून अधिक नाही. म्हणजे मोबदला घटला, की ही मर्यादाही घटणार! आणि त्या मोबदल्यात प्रतीक्षेचा तास धरलेलाच नाही. तो धरणे अवघडही नाही. अ‍ॅप केव्हा चालू झाले आणि केव्हा बंद झाले, हे कंपनीच्या संगणकाला ठाऊक असतेच.