गावाचे आडनाव

पुण्याहून सातारच्या रस्त्याने निघालेली आमची एस्. टी. भोर तालुक्यात शिरली. ‘वरवे बुद्रुक’ ही पाटी वाचून शेजारचा चिरंजीव विचारता झाला, “अण्णा, बुद्रुक म्हणजे काय हो?”

“गावाचे आडनाव असेल!” अण्णांनी वेळ मारून नेली.

मला राहवेना. फारसी ‘बुजुर्ग’ म्हणजे थोर; त्याचेच आपण बुद्रुक केले. ‘खुर्द’ म्हणजे धाकटे. खिशातला खुर्दा त्याच घराण्यातला! एका नावाची दोन गावे झाली की अशी थोरली-धाकटी करीत. वरवे खुर्दही आहेच. पुण्याजवळ कोंढव्याचीही तशीच जोडी. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, पण हे दोन शब्द गावांना चिकटले ते चिकटलेच.

गावाचे नाव निदान दप्तरात तरी राहते. शेताचे, ओढ्याचे नाव राहते म्हाताऱ्यांच्या तोंडी. सातबाऱ्यावर बहुधा नुसता गट नंबर.

चिरंजीव आता अण्णांकडे वळले. “मग आपल्या वरच्या शेताला घोडमाळ का म्हणतात?”

अण्णा खिडकीबाहेर पाहू लागले. “ते तुझ्या आजोबांना ठाऊक होते,” ते म्हणाले.