हिल-बर्टन कायदा : रुग्णालये उभी राहिली, दारे कोणासाठी उघडली?

१९६०च्या दशकाचा आरंभ. अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना राज्याच्या ग्रीन्सबरो शहरात जॉर्ज सिम्किन्स या कृष्णवर्णीय दंतवैद्याकडे एक रुग्ण आला. दाढेत पू, जबडा सुजलेला, अंगात ताप. कृष्णवर्णीयांच्या रुग्णालयात खाट रिकामी नव्हती. शहरात मोझेस कोन आणि वेस्ली लाँग अशी दोन मोठी रुग्णालये होती. पण कृष्णवर्णीय डॉक्टरांना तेथे रुग्ण दाखल करण्याचा अधिकार नव्हता. वेस्ली लाँग तर कृष्णवर्णीय रुग्णांना घेतच नसे.

आणि या दोन्ही रुग्णालयांच्या बांधकामात सरकारचे लाखो डॉलर होते.

हा पैसा १३ ऑगस्ट १९४६ रोजी संमत झालेल्या हिल-बर्टन कायद्याचा. नोव्हेंबर १९४५मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी काँग्रेसपुढे आरोग्याची मोठी योजना मांडली होती. तिच्यात राष्ट्रीय आरोग्यविमाही होता आणि रुग्णालयांची उभारणीही. डॉक्टरांच्या प्रबळ संघटनेने विम्याला कडाडून विरोध केला. विमा मागे पडला, बांधकाम पुढे गेले. यात नवल नाही. इमारतीची कोनशिला बसवता येते, फीत कापता येते. गरिबाचे बिल भरल्याची कोनशिला कोणी बसवत नाही.

कायद्याचे एक प्रवर्तक, अलाबामाचे सिनेटर लिस्टर हिल, यांचे नावच शल्यवैद्य जोसेफ लिस्टर यांच्यावरून ठेवलेले. त्यांच्या वडिलांनी १९०२मध्ये जखमी हृदयाला टाके घालून रुग्ण वाचवला होता. दर हजार लोकसंख्येमागे साडेचार खाटा हे या कायद्याचे उद्दिष्ट होते. ग्रामीण भागाला प्राधान्य मिळाले, गरीब राज्यांना अधिक वाटा. दक्षिणेतील ज्या गावांनी रुग्णालय पाहिलेच नव्हते तेथे ते उभे राहिले. हे श्रेय नाकारणे अन्यायाचे ठरेल.

परंतु त्याच कायद्यात एक अपवाद होता : भिन्न समूहांसाठी स्वतंत्र पण समान दर्जाच्या सोयी असतील, तर भेदभावाची मनाई लागू नाही. हा अपवाद नसता तर दक्षिणेची मते मिळाली नसती, असे समर्थन केले जाते. ते खरेही असेल. मात्र त्या तडजोडीची किंमत मते देणाऱ्यांनी मोजली नाही. ती मोजली दाढ सुजलेल्या रुग्णासारख्यांनी.

१९६२मध्ये सिम्किन्स आणि सहकारी न्यायालयात गेले. रुग्णालयांचा बचाव साधा होता : आम्ही खाजगी संस्था, कोणाला घ्यायचे ते आम्ही ठरवू. खालच्या न्यायालयाने तो मान्यही केला. केंद्र सरकारचा न्याय विभाग मात्र वादींच्या बाजूने उभा राहिला, म्हणजे सरकार आपल्याच कायद्यातील कलमाविरुद्ध लढत होते! नोव्हेंबर १९६३मध्ये अपील न्यायालयाने ३ विरुद्ध २ मतांनी ते कलम घटनाबाह्य ठरवले. सरकारी पैसा आणि सरकारी नियोजन यांत गुंतलेल्या रुग्णालयाला खाजगीपणाच्या आडोशाने भेदभाव करता येणार नाही, हा त्या निकालाचा गाभा. मार्च १९६४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयांचे अपील ऐकण्यास नकार दिला. ज्या अनुदानाने भेदभावाला पक्क्या भिंती दिल्या, त्याच अनुदानाने त्याविरुद्ध पुरावा दिला.

दुसरे वचन याहून मुकाट्याने विरले. अनुदान घेणाऱ्यांनी पैसे नसलेल्यांना ‘वाजवी प्रमाणात’ मोफत सेवा द्यावी, अशी अट होती. वाजवी म्हणजे किती, हे १९७२पर्यंत कोणी ठरवलेच नाही. गरीब रुग्ण न्यायालयांत गेले, तेव्हा कोठे नियम आले. एव्हाना अनेक संस्थांची वीस वर्षांची मुदत सरत आली होती. सिमेंटचा हिशेब पै-पैने ठेवणाऱ्या यंत्रणेला मोफत उपचारांचा हिशेब मागायला पाव शतक लागावे, याला विस्मरण म्हणणे फारच उदारपणाचे होईल.

१९९७मध्ये हा निधी थांबला. तोवर सुमारे चार हजार गावाशहरांतील ६,८०० संस्थांना त्याचा हात लागला होता. विम्याचा प्रश्न मात्र १९४५मध्ये जेथे सुटला, तेथून आजही अमेरिकेच्या प्रत्येक निवडणुकीत परत येतो.