सर्टिफिकेट तिकडच्या तारेवर, कपॅसिटर फुगतो आमच्या डीपीवर



डीपी जळाली की पहिलं बोट शेतकऱ्याकडे. आकडे टाकता, जादा एचपीची मोटर लावता, ऑटो स्टार्टर काढत नाही. यातलं काही खरं आहे, मी नाकारत नाही. लाइट आली की दहा-बारा मोटरी एकदम उचलतात, सुरू होताना प्रत्येक मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते आणि वस्तीवरचे दिवे मिणमिणतात. टायमर लावून मोटरी पुढंमागं सुरू केल्या तर हे कमी होतं, आणि ते आपणच करायला पाहिजे. पण आता डीपीवर दुसरे पाहुणे आलेत, ड्राइव्ह आणि एलईडी. त्यांच्याबद्दल चर्चासत्रात एक शब्द निघत नाही.

साधी मोटर किंवा जुना पिवळा बल्ब करंट लाटेप्रमाणे घेतो. ड्राइव्ह आणि एलईडीच्या आतलं सर्किट तसं घेत नाही. लाट शेंड्यावर आली की तेवढाच लचका तोडतं. त्यामुळं ५० हर्ट्झच्या जोडीला वरच्या हर्ट्झचे करंट तारेत येतात, यालाच हार्मोनिक म्हणतात. थ्री फेज ड्राइव्हचे मुख्य २५० आणि ३५० हर्ट्झचे, एलईडीचा मोठा १५० चा. कपॅसिटरचा अडथळा २५० हर्ट्झला ५० च्या पाचव्या हिश्शावर येतो. म्हणजे तारेतली ही घाण तोच ओढून घेतो, तापतो आणि फुगतो.

आमच्या डीपीवर एक ड्राइव्ह बसला आणि त्याच हंगामात माझ्या स्टार्टरजवळचे दोन कपॅसिटर लागोपाठ फुगले. दुकानदार म्हणाला, माल लोकल असेल. असेलही. ड्राइव्हवाल्या भावाला मी दोष देत नाही, कारण कुणी मोजलंच नाही. माझं भांडण तिथंच आहे. विकण्याआधी का मोजत नाहीत, आणि मोजलं असेल तर कागद का दाखवत नाहीत?

मोजायचे नियम आहेत. आयईसी ६१०००-३-२ हा हार्मोनिक करंटचा, आणि ६१०००-३-३ हा व्होल्टेज हलण्याचा, म्हणजे फ्लिकरचा. दोन्ही फेजला १६ अँपियरपर्यंतच्या उपकरणांना लागू. आपल्याकडं हीच मालिका आयएस १४७०० म्हणून आली आहे. आता गंमत बघा. घरातल्या टीव्हीला ७५ वॅटच्या वर गेला की हार्मोनिकची मर्यादा आहे. पण एक किलोवॅटच्या वरचं ‘व्यावसायिक’ उपकरण असेल तर त्याच नियमात मर्यादा नाही! पाच एचपीचा ड्राइव्ह ३.७ किलोवॅटचा. ‘हे व्यावसायिक आहे’ एवढं म्हटलं की कंपनी सुटली. चोक नसलेल्या ड्राइव्हच्या करंटमधली विकृती ७०-८० टक्क्यांवर जाते, चोक टाकला की ३५ ते ४५ वर येते. म्हणजे उपाय आहे. पण कोटेशन स्वस्त दिसावं म्हणून पहिली काट चोकवरच बसते, आणि वाचलेल्या पैशाचं बिल शेजारच्याचा कपॅसिटर भरतो.

शेवंतीवाल्यांचं वेगळं. रात्र तोडण्यासाठी शेडमध्ये शेकडो दिवे लावावे लागतात, आणि एलईडीनं बिल कमी होतं हे सोळा आणे खरं. पण २५ वॅटच्या आतल्या दिव्यांना नियम सैल आहे. त्यातल्या एका पर्यायानं १५० हर्ट्झचा करंट मूळ करंटच्या ८६ टक्क्यांपर्यंत चालतो. एक दिवा पास, मान्य. मी लावतो चारशे. तिन्ही फेजला सारखे वाटले तरी हा १५० चा करंट न्यूट्रलमध्ये एकमेकांना कापत नाही, त्याची बेरीज होते. न्यूट्रल फेजच्या दीडपट, पावणेदोनपट करंट वाहू शकतो. आणि आपल्याकडं न्यूट्रलला कसली तार टाकतात ते सांगायला नको.

फ्लिकरची तर आणखीच तऱ्हा. उपकरण तपासताना लाइनचा अडथळा ठरलेला असतो. फेज आणि न्यूट्रल मिळून रोध ०.४ ओहम. तिथं १० अँपियरचा हीटर लावला तर ४ व्होल्ट पडतात, पावणेदोन टक्के. साधी मर्यादा ४ टक्क्यांची आहे, त्यामुळं पास. आता आमची वस्ती घ्या. डीपीपासून एक किलोमीटर, स्क्विरल तार, तिचा रोध किलोमीटरला सुमारे १.४ ओहम, जाऊन-येऊन २.८. त्याच हीटरला २८ व्होल्ट पडले, बारा टक्के! तोच हीटर, तोच शिक्का. लॅबमध्ये पास झालेला माल माझ्या वस्तीवर नापास, आणि तरी साहेब म्हणणार, ‘तुमचा लोड जास्त आहे.’ तार तुमची, अंतर तुम्ही ठरवलेलं, डीपी तुम्ही बसवलेली. लोड तेवढा आमचा!

राज्याच्या वीज नियामक आयोगानं २०२१ साली सप्लाय कोडचे नियम काढले, त्यांच्या नावातच ‘पॉवर क्वालिटी’ आहे. ती क्वालिटी मोजायचं मीटर एकदा शेती फीडरच्या शेवटच्या पोलाखाली आणून लावा. अनुदानाच्या यादीत ड्राइव्ह घेताना चोक सक्तीचा करा, आणि फ्लिकरची चाचणी लांब लाइनचा रोध धरून मागा. कृषी विभागाच्या मित्रांनो, शेवंतीच्या पत्रकात खताच्या मात्रेखाली न्यूट्रलच्या जाडीची एक ओळ टाकायला काय हरकत आहे?

तोवर आपण एवढं करू. ड्राइव्ह घेताना चोक आत आहे का, बाहेर लावायचा का, हे लेखी घ्या. ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये कपॅसिटर चुकूनही ठेवू नका, ड्राइव्हच जाईल. आणि वायरमनच्या क्लॅम्प मीटरवर ‘ट्रू आरएमएस’ लिहिलंय का बघा. साधा मीटर असल्या करंटला बराच कमी आकडा दाखवतो, मग सगळं ठीकच दिसतं. ज्यांच्या शेडमध्ये दिवे आहेत त्यांनी रात्री दिवे लागल्यावर वायरमनकडून तिन्ही फेज आणि न्यूट्रल मोजून घ्या. स्वतः हात घालू नका. चारही आकडे मला पाठवा, सोबत डीपी किती केव्हीएची आणि शेड किती पोल लांब तेही लिहा.