नंबर एक कोण, हे गिऱ्हाईक विचारत नाही

दुकानावर येणाऱ्या पोरांचा वाद ठरलेला: डिव्हाइन मोठा की एमसी स्टॅन? मला विचाराल तर आपल्या कामाचं उदाहरण अमरावतीचं आहे, १०० आरबीएच म्हणजे सौरभ अभ्यंकर. (सौ आणि रभ. नावातच ब्रँडिंग!) २०२३ च्या एमटीव्ही हसलचा विजेता झाला उदय पांधी. पण वऱ्हाडी बोलणारा सौरभ लक्षात राहिला. मुंबईची बोली उचलली असती तर तो गर्दीत हरवला असता.

अमेरिकेतही न्यूयॉर्कवाले दक्षिणेकडच्या रॅपरना गावठीच समजायचे. न्यू ऑर्लिन्सच्या मास्टर पीनं आधी गाण्यांच्या कॅसेटचं दुकान टाकलं, त्याच ‘नो लिमिट’ नावानं कंपनी काढली. पुढे वितरण मोठ्या कंपनीला दिलं, गाण्यांची मालकी मात्र स्वतःकडे ठेवली. खरा धडा इथं आहे.

आपल्या रिसोड-मंगरूळपीरचा पोरगा काय करतो? पुण्याची फ्रँचायझी घेतो. पाटी त्यांची, माल त्यांचा, भाडं याच्या खिशातून! त्यापेक्षा आपल्या हळदीच्या पाकिटावर स्वतःचं नाव छापा ना भाऊ, वऱ्हाडीत छापा. फक्त छपाईच्या आधी एफएसएसएआय नोंदणी करा आणि ट्रेडमार्कचा अर्ज स्वतःच्याच नावानं टाका.