टीम कोणाची, वाटो कोणाचो?

दिवाळीला मालवणला घरी गेलो की कपाटातले जुने टी-शर्ट बाहेर काढायचे, हा माझा दरवर्षीचा कार्यक्रम. ऑफिसचे कडक कपडे बॅगेतच राहतात. किनाऱ्यावर जायला, वाळूत लोळायला, काहीही झालं तरी चालेल असं काहीतरी हवं असतं. गेल्या दिवाळीत हाताला लागला एक केशरी टी-शर्ट. छातीवर लिहिलेलं, एफसी पुणे सिटी.

तो चढवला आणि दांडीच्या किनाऱ्यावर गेलो. तिथे रापण लागली होती. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. होडीतून भलं लांब जाळं समुद्रात अर्धगोल टाकतात आणि त्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात. पन्नासेक माणसं, हळूहळू, एका तालात. मीही दोर धरला. (सेल्फीसाठी. खोटं कशाला बोलू!) पुढे उभ्या असलेल्या एका काकांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"ह्या केशरी काय रे? खंयच्या पक्षाचा?"

"पक्षाचं नाही काका. फुटबॉलची टीम. पुण्याची."

"बरा. आता खंय खेळता ती?"

"आता नाही खेळत. बंद झाली."

"बंद? कोणी केल्यानी?"

"मालकांनी."

"तुमका इचारल्यानी?"

मी गप्प. काकांनी दोर ओढता ओढताच शेवटचा बॉल टाकला, "मगे तू इतकी वर्सा दोर कसलो वडी होतंस?"

बॉस, आपली दांडीच गुल!

कारण खरंच, मी कधी विचारलंच नव्हतं. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा मी पुण्यात नवीन नोकरीला लागलो होतो. वीकएण्डला बालेवाडी गाठायची, गालावर केशरी पट्टे ओढायचे, घसा बसेपर्यंत ओरडायचं. मालक कोण हे माहीत होतं, म्हणजे तेवढंच जेवढं पेपरात फोटोखाली येतं: वाधवान समूह आणि हृतिक रोशन. त्या पलीकडे कंपनी कुठली, पैसा कुठून येतो, तोटा कोण भरतो, हे विचारणं म्हणजे लग्नात जेवताना नवरदेवाच्या बापाला कर्ज किती काढलंत, असं विचारणं. मॅनर्स नाहीत असं वाटायचं.

आणि विचारायची गरज तरी काय होती? २०१७-१८ च्या हंगामात टीम सेमीफायनलला पोचली होती. सगळं सॉलिड चाललं होतं. पुढच्या वर्षी, २०१९ मध्ये, आर्थिक अडचणींत आलेला क्लब गुंडाळला गेला. लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. नवे मालक, नवं नाव, नवे रंग. पाच हंगाम, खेळ खल्लास.

तेव्हा आम्ही मित्रांनी नशिबाला बोल लावले. पण पुण्याचा हा पहिला अनुभव नव्हता. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी २००७ मध्ये निघाला, २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला आणि २०१५ नंतर मैदानात दिसला नाही. कल्याणी समूहाचा भारत एफसी तर एकच हंगाम खेळला. मुंबईत महिंद्रा युनायटेडनं २०१० मध्ये दुकान बंद केलं, मुंबई एफसीनं २०१७ मध्ये. आमच्या मालवणच्या शेजारी गोव्यात २०१६ साली साळगावकर, स्पोर्टिंग आणि पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवलेला धेंपो अशा तिघांनी राष्ट्रीय लीगमधून अंग काढलं. तिथे तर भांडण लीगच्या नव्या रचनेवरून होतं. धेंपो पुन्हा आय-लीगमध्ये दिसायला २०२४ साल उजाडलं. कारणं वेगवेगळी, पण एक गोष्ट सगळीकडे सारखी. निर्णय बंद खोलीत झाला आणि स्टॅंडमधल्या माणसाला तो पेपरातून कळला.

आता हैदराबादची गंमत बघा. पुण्याच्या जागेवर आलेली ही टीम मार्च २०२२ मध्ये फातोर्ड्याला केरला ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून चॅम्पियन झाली. दोन वर्षंसुद्धा झाली नाहीत तोवर पगार थकल्याच्या बातम्या, नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी, खेळाडूंची रांग दाराबाहेर. २०२४ मध्ये मालक बदलले आणि २०२५ मध्ये टीमचा मुक्काम दिल्लीला हलला, स्पोर्टिंग क्लब दिल्ली या नावानं. आणि ह्याच दिल्लीची आधीची टीम, दिल्ली डायनामोज, २०१९ मध्ये भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाली होती! बदलीची ऑर्डर आल्यासारख्या टीम गावोगाव फिरतायत. आपण मात्र टॅटू काढून बसलोय.

माझा एक सीए मित्र आहे. तो म्हणतो, "पैसा त्यांचा, तोटा त्यांचा. तू तिकिटाचे चारशे रुपये दिलेस, मॅच बघितलीस, विषय संपला. मल्टिप्लेक्सच्या मालकाला ताळेबंद मागतोस का?"

मुद्दा चुकीचा नाही. आपल्याकडे क्लब चालवणं हा आतबट्ट्याचा धंदा आहे आणि बहुतेक मालक खिशातून पैसे घालतात. त्याबद्दल त्यांना सलाम! पण म्हणूनच विचारायला हवं ना? जो क्लब एकाच खिशावर चालतो, तो त्या खिशाला भोक पडलं की संपतो. आणि मल्टिप्लेक्स बंद पडलं तर मी शेजारच्या मल्टिप्लेक्सला जातो. टीमचं तसं नसतं. मी गेल्या काही वर्षांत दुसरी टीम धरायचा प्रयत्न केला. नाही जमलं.

ज्यांनी विचारलं त्यांचं काय झालं? कोलकात्यात जानेवारी २०२० मध्ये आरपीएसजी समूहानं मोहन बागानच्या फुटबॉल विभागाचा ८० टक्के हिस्सा घेतला आणि टीमच्या नावाआधी ‘एटीके’ ही तीन अक्षरं लागली. समर्थक खवळले. बॅनर, मोर्चे, बहिष्कार, तीन वर्षं एकच धोशा. मार्च २०२३ च्या फायनलला मी माझ्या ऑफिसातल्या एका बंगाली मित्राबरोबर कुडाळहून ट्रेननं मडगावला गेलो होतो. मोहन बागाननं बंगळुरूला पेनल्टीवर हरवलं आणि त्याच रात्री मालक संजीव गोयंका यांनी जाहीर केलं, ‘एटीके’ जाणार. मित्र ट्रॉफीपेक्षा त्या बातमीनं जास्त रडला.

म्हणजे ओरडून मिळतं. पण काय मिळालं? नाव. हिस्सा होता तिथेच राहिला.

नाव मागणं सोपं असतं कारण नावावर सगळ्यांचं एकमत होतं. हिशेब मागताना घरात फूट पडते. जुलै २०२१ मध्ये ईस्ट बंगालच्या तंबूबाहेर समर्थक जमले, गुंतवणूकदाराबरोबरच्या अंतिम करारावर क्लबचे पदाधिकारी सही का करत नाहीत हे विचारायला. त्यांच्यातच दोन गट पडले आणि शेवटी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. केरला ब्लास्टर्सच्या ‘मंजप्पडा’नं डिसेंबर २०२४ मध्ये वेगळा रस्ता धरला. टीम हरत होती, म्हणून व्यवस्थापनाला जाब विचारत तिकिटंच घ्यायची नाहीत असं ठरवलं. खिशाची भाषा खिशाला कळते, हे बरोबर. पण तिथेही प्रश्न हरल्यावर आला.

आणि काकांच्या रापणीत नेमकं उलटं असतं. जाळं किनाऱ्याला लागलं की मासळीचा लिलाव तिथेच वाळूत होतो. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचा वाटा, सगळं ठरलेलं. ज्या दिवशी जाळं भरून येतं त्या दिवशी हिशेब सर्वात जोरात होतो. रिकाम्या जाळ्याचा हिशेब कोण मागणार? आपण फुटबॉलवाले मात्र जाळं भरलेलं असताना नाचतो आणि रिकामं आलं की विचारतो, "पैसे कुठे गेले?"

म्हणून माझा नवा फंडा: टीम जिंकत असतानाच हिशेब विचारा.

कसा? ऐका. आपले लीगमधले क्लब कंपन्या चालवतात. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनीचं नाव टाकलं की संचालक कोण ते दिसतं. शंभर रुपयांच्या आसपास शुल्क भरलं की ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्रही बघता येतं. हे कायद्यानं उघडे असलेले कागद आहेत, त्यासाठी कुणाच्या पाया पडायची गरज नाही. आपल्या प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी सीए असतो, तो एरवी टॅक्स वाचवायचे सल्ले देत फिरतो. त्याला लावा कामाला. शेअर कोणाकडे आहेत? कंपनी कोणाची किती देणेकरी आहे? मालकाच्याच दुसऱ्या कंपनीचं कर्ज आहे का? खेळाडूंचे पगार वेळेवर होतात का? टीमचं नाव आणि बोधचिन्ह कोणाच्या मालकीचं? मालक उद्या निघून गेला तर पोरांच्या अकादमीचं काय? हे सहा प्रश्न एका कागदावर, सभ्य भाषेत, सगळ्यांच्या सह्यांनी. उत्तर आलं नाही तर तेही एक उत्तरच.

परदेशात हे वेडेपणाचं मानत नाहीत. जर्मनीत थोडे अपवाद सोडले तर क्लबच्या सदस्यांकडे निम्म्याहून जास्त मतं असावीच लागतात. इंग्लंडनं २०२५ मध्ये फुटबॉलच्या कारभारासाठी कायदाच केला. स्वतंत्र नियामक आला, मालकांची तपासणी आली, समर्थकांचं ऐकून घेणं क्लबवर बंधनकारक झालं. पण मला सर्वात जवळचे वाटतात ते लंडनचे विम्बल्डनवाले. २००२ मध्ये त्यांचा क्लब मिल्टन कीन्सला हलवायला परवानगी मिळाली. म्हणजे आपलं पुण्याहून हैदराबाद! ते रडले, चिडले आणि त्याच उन्हाळ्यात एका मोकळ्या मैदानावर खेळाडूंची निवड करून स्वतःचा क्लब काढला. मालक, समर्थकांचा ट्रस्ट. अगदी तळापासून सुरुवात करून २०११ मध्ये ते पुन्हा व्यावसायिक लीगमध्ये पोचले आणि २०२० मध्ये आपल्या जुन्या प्लाव लेनवर परतले.

लंडन लांब वाटत असेल तर कोल्हापूर घ्या. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. शाहू स्टेडियमवर ह्या तालमींच्या मॅचला जी गर्दी उसळते ती बालेवाडीनं क्वचितच पाहिली असेल. तिथेही देणगीदार आहेत, राजकारण आहे, राडेही होतात. पण टीम पेठेची आहे. कोणी उठून खंडोबा तालीम हैदराबादला नेऊ शकत नाही. नेऊन तर दाखवा!

आता मुंबईकर वाचकांनो, तुमच्याकडे वळतो. मुंबई सिटीत सिटी फुटबॉल ग्रुपनं २०१९ मध्ये ६५ टक्के हिस्सा घेतला. त्या काळात दोन वेळा विजेतेपद आलं, आपण सगळे निळे झालो. मग २०२५ मध्ये लीगच्या हक्कांचाच घोळ झाला, हंगाम सुरू व्हायला फेब्रुवारी २०२६ उजाडला. त्याआधीच, डिसेंबरात, ग्रुप बाहेर पडला आणि पूर्ण मालकी पुन्हा मूळ मालकांकडे आली. टीम आहे, खेळतेय, छान आहे. म्हणजेच विचारायची वेळ आत्ता आहे. पुण्यात आम्हाला ही वेळ मिळाली होती. आम्ही ती मेक्सिकन वेव्ह करण्यात घालवली.

तर, त्या दिवशी दांडीला जाळं किनाऱ्याला लागलं. बांगडा बऱ्यापैकी होता. लिलाव झाला, वाटे पडले, कोणीतरी आवाज चढवला, कोणीतरी समजूत काढली. मी मोबाइल खिशात टाकून निघालो तर काकांनी हाक मारली आणि प्लास्टिकची पिशवी पुढे केली.

"ह्यो तुझो वाटो."

"अहो काका, मी तर जेमतेम दहा मिनिटं..."

"वडलंस ना? मगे घे."

पिशवीत चार बांगडे होते. घरी आईनं ते तव्यावर टाकले आणि टी-शर्टाला वास लागला म्हणून मला अंघोळीला पिटाळलं. टी-शर्ट धुतला, वाळवला, घडी करून परत कपाटात ठेवला. मग लॅपटॉप उघडला आणि सीए मित्राला फोन लावला. "ते कंपनीवालं पोर्टल कुठलं म्हणालास? आणि शंभर रुपये तू भर, मागच्या मॅचचं तिकीट मी काढलं होतं."