कर्व्यांनंतरचे मौन

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, पुढे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. प्राध्यापकाच्या नोकरीवर त्यांना पाणी सोडावे लागले. अश्लीलतेचे खटलेही झाले. १९६८ साली मात्र खुद्द सरकारनेच 'निरोध' बाजारात आणला. साधन दुकानोदुकानी पोहोचले; ते वापरावे कसे, हे सांगणे संकोचापायी राहूनच गेले.

या संकोचाची किंमत मोठी आहे. निरोध प्रत्येक वेळी बिनचूक वापरल्यास वर्षभरात शंभरांपैकी सुमारे २ स्त्रियांना गर्भ राहतो. प्रत्यक्षातील वापरात हीच संख्या सुमारे १३ होते. एचआयव्हीपासूनचे संरक्षणही याच नेमकेपणावर अवलंबून आहे.

आणि शिकायचे ते किती? पाकिटावरील मुदत पाहावी. ते दातांनी फाडू नये. संबंधापूर्वीच, शिश्न ताठर असताना, टोक चिमटीत धरून हवा काढावी आणि निरोध मुळापर्यंत उलगडावा. खोबरेल तेल वा व्हॅसलीन लावू नये. त्याने रबर फाटते. स्खलनानंतर ताठरता ओसरण्यापूर्वीच, निरोध मुळाशी धरून, बाहेर यावे. प्रत्येक वेळी नवा घ्यावा. एकावर एक दोन चढवू नयेत.

एवढी चार-सहा वाक्ये महाविद्यालयाच्या वर्गात उच्चारली गेली नाहीत, तर तरुण ती कुजबुजीतून ऐकणार, आणि तीही अर्धवट. कर्व्यांनी नोकरी गमावून जे सांगितले, ते आजच्या शिक्षकाला नोकरी सांभाळून सांगता येते. मग हे मौन कशासाठी?